जुन्या बियांचा गोड मका

शाळेच्या कपाटातून मागे उरलेली गोड मक्याच्या बियांची पुडी निघते आणि मृगाचा पाऊस पडताच ती बागेत टोकली जाते. आठ-दहा दिवसांनी मोजकेच कोंब वर येतात. मुलांचा हिरमोड होतो, आणि नवे बी आणीपर्यंत पेरणीचा वाफसा निघून जातो. दोष पुष्कळदा जमिनीचा नसून बियांच्या वयाचा असतो.

गोड मक्याचा वाळलेला दाणा सुरकुतलेला दिसतो. त्यातील साखरेचे पिठात पुरेसे रूपांतर होत नाही. कणीस गोड लागते ते त्यामुळेच, आणि अंकुराची शिदोरी तुटपुंजी राहते तीही त्यामुळेच. त्यातून उष्ण व दमट हवा! साठवणीतील तापमान ५ अंश सेल्सिअसने किंवा बियांतील ओलावा १ टक्क्याने वाढला, तर बियांचे आयुष्य स्थूलमानाने निम्मे होते. पत्र्याच्या छपराखाली दोन उन्हाळे काढलेल्या बियांची स्थिती यावरून ताडावी.

अशी पुडी टाकून देऊ नये, तिच्यावर विसंबूही नये. पेरणीपूर्वी पंधरवडाभर आधी ५० दाणे सरसकट मोजून घ्यावेत. मुलांचा हात टपोऱ्या दाण्यांकडे जातो. तसे झाल्यास परीक्षा फसते. दाणे ओलसर फडक्यात सुटे मांडून गुंडाळी सावलीत ठेवावी. फडके वाळू देऊ नये, निथळतेही ठेवू नये. सातव्या दिवशी, मूळ व कोंब दोन्ही नीट फुटलेले दाणेच मोजावेत. दाण्यांना गुलाबी वा हिरवा रंग असल्यास ते औषध चोळलेले व विषारी असतात. ते मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत.

५० पैकी ३० उगवले, तर उगवण ६० टक्के. येथे गणिताच्या तासाला आयतेच उदाहरण मिळते. एका जागी एकच दाणा टोकल्यास १०० जागांपैकी सुमारे ४० रिकाम्या राहतील. दोन टोकल्यास १६, तीन टोकल्यास ६. रोपे वीतभर झाल्यावर एका जागी एक ठेवून विरळणी करावी. निम्म्याहूनही कमी उगवल्यास नवे बी आणण्यास अद्याप अवधी असतो.

दुर्बळ बी खोल टोकू नये. दोन बोटे माती पुरे. पाणी साचल्यास ते कुजते, म्हणून वरंब्यावर लावणे बरे. एक लांब ओळ न करता चार-पाच आखूड ओळी शेजारीशेजारी घ्याव्यात, म्हणजे तुऱ्यातील पराग वाऱ्याने कणसाच्या केसांवर पडतात. मात्र शेजारच्या शेतात साधा मका त्याच सुमारास तुऱ्यावर येणार असेल, तर त्याच्या परागाने गोड मक्याचे दाणेही पिठूळ होतात. तेव्हा पेरणी तीन आठवडे मागेपुढे करावी.