शेठची उचल आणि पनवेलची नोकरी

वर्षावासातल्या ग्रंथवाचनासाठी आम्ही आगरदांड्याकडच्या एका वाडीत गेलो होतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन रात्री आठला सुरू झाले, साडेनऊला संपले, उपासक-उपासिका घरोघर गेल्या, पावसाने जोर धरला आणि साडेदहाच्या सुमाराला एक तरुण भिजत विहाराच्या पायरीशी आला. वय बावीस, शिक्षण बारावी पास.

“जयभीम काका. झालं का वाचन?”

झाले होते. त्याच्यासाठी ते रोजच झालेले असते. मुरूडच्या बाजारातल्या एका किराणा दुकानात तो सहा वर्षे कामाला आहे आणि त्या दुकानाचे शटर साडेनऊच्या आधी खाली येत नाही. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल काढून त्याने आम्हाला एक निरोप दाखवला. पनवेलच्या एका फास्टफूडच्या दुकानात काम मिळत होते. बर्गर, तळलेले बटाटे, कोंबडीचे तुकडे, असला प्रकार. आठ दिवसांत होय की नाही कळवायचे होते. “काका, शेठचं दुकान सोडू का?” एवढाच त्याचा प्रश्न.

वाचकहो, एका पोराने पुड्या बांधायच्या की पाव भाजायचे, यावर स्तंभ कशाला, असे कुणी म्हणेल. पण आमच्या वस्त्यांतली किती पोरे आज नेमक्या याच उंबरठ्यावर उभी आहेत, हे ज्याला पाहायचे असेल त्याने आगरदांड्याच्या धक्क्यावर अर्धा तास उभे राहावे. समोर खाडीपलीकडे दिघी बंदर दिसते. २०२१ मध्ये ते अदानी समूहाने घेतले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने दिघीच्या औद्योगिक नगरीला मंजुरी दिली. कोट्यवधींच्या गोष्टी चालल्या आहेत. आणि अलीकडच्या काठावर बारावी पास झालेल्या पोराच्या हातात काय? बाजारातले किराणा दुकान, नाहीतर मुरूडच्या समुद्रावर शनिवार-रविवारी लागणारी चायनीजची गाडी, जी पावसाळ्यात ताडपत्रीखाली जाते.

आम्ही लगेच ‘जा’ म्हणणार होतो. थांबलो ते हिशेबामुळे.

दुकानात तो सकाळी साडेसात ते दीड आणि दुपारी चार ते साडेनऊ असतो. म्हणजे साडेअकरा तास. दुपारच्या सुटीत घरी येऊन जाणे एसटीच्या वेळेत बसत नाही, म्हणून तो गोदामात साखरेच्या पोत्यांवर पडतो. ती सुटी धरायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. महिन्यातून दोन दिवस मोकळे. पगार ८,००० रुपये, रोख, सही कुठेच नाही. तासाला पंचवीस रुपयेही पडत नाहीत. सरकारने दुकानांतल्या कामगारांसाठी ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा हे कमी आहे, हे त्याला माहीत नव्हते. शेठला माहीत असावे.

पनवेलला १४,५०० सांगितले आहेत. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,७४० कापायचे, राज्य विम्याचे पाऊण टक्का म्हणजे १०९, व्यवसाय कराचे २००. हातात १२,४५१. नऊ तासांची पाळी आणि आठवड्याची सुटी धरली तर तासाला त्रेपन्न रुपये. दुपटीहून जास्त! पण पोराला आगरदांड्याहून रोज पनवेलला जाता येत नाही. चौघांत मिळून घेतलेल्या खोलीचा वाटा ३,०००, एक वेळचे जेवण कामावर मिळाले तरी दुसऱ्या वेळचे २,४००, घरी जायला-यायला १,०००. उरले ६,०५१.

आज काय उरते? आठ हजारांतून एक हजार शेठच्या उचलीत कापले जातात, एक हजार गाडीभाड्यात जातात. सहा हजार उरतात. म्हणजे सगळा उपद्व्याप करून आईच्या हातात एकावन्न रुपये जास्त! आणि शेठची उरलेली उचल डोक्यावर तशीच.

ही उचल काय आहे ते सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या आईचे ऑपरेशन झाले. रात्री अकरा वाजता शेठच्या दारात हा उभा राहिला आणि शेठने कागद न करता तीस हजार काढून दिले. व्याज लावले नाही. त्यातले अठरा हजार फिटायचे आहेत. हे तो सांगत होता तेव्हा त्याच्या आवाजात खरी कृतज्ञता होती आणि ती आम्हाला खोटी म्हणायची नाही. त्याच श्वासात त्याने दुसरेही सांगितले. त्याच्यानंतर दोन वर्षांनी लागलेला एक मुलगा आज गल्ल्यावर बसतो, दिवाळीला वहीपूजनाला शेठच्या माजघरात जातो. हा मात्र सहा वर्षे गोदामात, पोत्यांपाशी आणि घरपोच मालाच्या सायकलवर. चहा सर्वांना एकाच किटलीतून मिळतो, याचा पेला तेवढा खिळ्याला वेगळा टांगलेला. तो स्वतःच धुऊन ठेवतो. “कुणी कधी बोललं नाही काका. पण पहिल्या दिवसापासून तसंच आहे.”

दुसऱ्या दिवशी वाचनानंतर आम्ही मुद्दाम विषय काढला. एक ज्येष्ठ गृहस्थ संतापलेच. आमच्या बापजाद्यांनी उष्ट्याचा धंदा सोडला, हॉटेलात कपबशा विसळायचे सोडले, आणि तुम्ही बारावी शिकून लोकांच्या ताटल्या उचलायला निघालात? त्यांचा संताप आम्हाला कळतो. मेलेली ढोरे ओढायची नाहीत, शिळे मागायचे नाही, हे बाबासाहेबांनी सांगितले ते याच जिल्ह्यात, मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत. पण एक फरक त्यांच्या ध्यानात येत नव्हता. ते गाडग्यातले उष्टे होते. इथे प्रश्न आहे, लोकांच्या तोंडात जाणारा घास कोणाच्या हातचा असेल हा.

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. कारण काय? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्या धाग्याला अस्पृश्याची लाळ लागलेली सवर्ण कामगारांना चालत नसे. पगार सर्वांत चांगला त्याच खात्यात. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी संघटनेने हा प्रश्न हाती घ्यावा, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. आमच्या पोराचे गोदाम आणि गल्ला म्हणजे तेच सूत खाते आणि विणकाम खाते नव्हे काय? पनवेलच्या दुकानात तर त्याला कढईपाशीच उभे करणार आहेत. त्याच्या हातचा पाव कोण खाते, हे खाणाऱ्याने विचारलेले नाही. टोपी आणि युनिफॉर्म चढवला, की गिऱ्हाइकाला आडनाव दिसत नाही.

पण म्हणून त्या टोपीची आरती ओवाळायची नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. किराणा दुकानातला खिळ्याचा पेला पहिल्याचा आहे. पनवेलला दुसरा वाट पाहत बसला आहे. उकळत्या तेलापुढे नऊ तास उभे राहणे, रात्री दुकान बंद झाल्यावर फरशी आणि चिमणी घासणे, गर्दी नसली की पाळी कापणे, आणि तिशी उलटली की ‘तरुण मुलगा बघतो’ म्हणणे, हा त्या धंद्याचा जगभरचा रिवाज आहे. अमेरिकेत २९ नोव्हेंबर २०१२ रोजी न्यूयॉर्कमधले सुमारे दोनशे फास्टफूड कामगार काम सोडून रस्त्यावर आले. त्यांत कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित मोठ्या संख्येने होते. तासाला पंधरा डॉलर आणि संघटनेचा हक्क, अशी मागणी. लोक हसले. १ एप्रिल २०२४ पासून कॅलिफोर्नियात मोठ्या फास्टफूड साखळ्यांतल्या कामगाराचे किमान वेतन तासाला वीस डॉलर झाले. तेही कुणी दान केले नाही. (आपल्या घटना समितीने अस्पृश्यता संपवणारे कलम संमत केले तीही २९ नोव्हेंबरच, १९४८ ची. योगायोग, पण आमच्या लक्षात राहिला.)

मग दोन्हीकडे शत्रूच असेल तर जायचे कशाला? आमचे म्हणणे असे, की पहिल्याशी लढायला हातात काही नसते आणि दुसऱ्याशी लढायला कागद असतो. शेठने तीस हजार दिले ते मर्जीने. उद्या मर्जी फिरली तर दाद कुणाकडे मागणार? राज्य विमा हा मर्जी नव्हे. दहा आणि त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याला तो कायद्याने मिळतो आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांचा औषधोपचार त्यात येतो. दवाखाना आगरदांड्याला नाही, हे खरेच. पण हा विमा दोन वर्षांपूर्वी असता तर पोराला रात्री अकराला कुणाच्या दारात उभे राहावे लागले नसते. भविष्यनिर्वाह निधीत तो १,७४० घालील तेवढेच मालकाला घालावे लागतील. एकावन्न रुपयांच्या हिशेबात हे कुठेच आले नव्हते.

आणि किराणा दुकानातल्या कामगाराला कायद्याने कसे उघड्यावर टाकले, तेही वाचकांनी समजून घ्यावे. मुंबई राज्याचा १९४८ चा दुकाने कायदा एका नोकराच्या दुकानालाही लागू होता. तास, सुटी, रजा, सगळे त्यात होते. २०१७ चा नवा महाराष्ट्राचा कायदा आला आणि दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनी नुसते कळवले की झाले, अशी मोकळीक मिळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही अट वीसवर नेण्याला आणि दिवसाचे नऊ तास दहा करण्याला मंजुरी दिली. कामाचे तास आठवर आणण्याचा विषय नोव्हेंबर १९४५ मध्ये मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी श्रम परिषदेपुढे नेला होता. घड्याळ उलटे फिरते आहे ते असे! २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांच्यावर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत आणि ते आमचेही आहेत. पण त्यांत नेमणूकपत्राची सक्ती आहे, तेवढी आपण वाजवून घेतली पाहिजे.

तिसरी वाट कुणीतरी काढलीच. सहा वर्षे मालाची पारख केली, ठोक भाव कळतात, तर स्वतःचेच दुकान का नको? महात्मा फुले महामंडळ १९७८ पासून आहे, कर्जाच्या योजना आहेत. वाट चांगली आहे, पण बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजाराचा सल्ला देणारी पेढी काढली तेव्हा सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरले, ही गोष्ट चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. वाडीतले चाळीस उंबरे एका दुकानाला जगवतील का, याचा हिशेब त्या रात्री कुणी मांडला नाही.

मांडला तो दुसराच, आणि तो बायकांनी. वाडीतल्या निम्म्या घरांची उधारीची वही त्याच शेठकडे आहे. पोरगा तिथे आहे म्हणून महिनाअखेर पाच किलो तांदूळ बोलून मिळतो. तो निघून गेला आणि शेठ रुसला तर? डिसेंबर १९२७ च्या महाडच्या सत्याग्रह परिषदेला तिथल्या व्यापाऱ्यांनी माल द्यायचे नाकारले होते, धान्यसामान बाहेरून आणावे लागले होते. बाबासाहेब त्या वेळी पद्मावती बोटीने हरिहरेश्वरमार्गे दासगावला उतरले, ते याच किनाऱ्यावरून. किराणा बंद होण्याची भीती आमच्या आयाबायांना पुस्तकातून शिकावी लागत नाही. एका पोराच्या मानेवर साऱ्या वाडीची उधारी ठेवायची का, असे आम्ही विचारले. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग बचत गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, “उधारी आमची आहे, त्याची नाही. आमचं आम्ही बघू. शेठनी नाही दिलं तर आगरदांड्यातनं आणू.” आणि गटातून शेकडा एक रुपयाने अठरा हजार त्याला द्यायचे ठरले. पनवेलहून महिन्याला हजार याप्रमाणे फेडायचे. घरी एक हजार कमी येतील हे आई समोर बसून ऐकत होती. ती म्हणाली, खाणारं तोंडही एक कमी होईल.

चार दिवसांनी तो पैसे घेऊन शेठकडे गेला. शेठने मोजले, वहीतली रेघ मारली आणि म्हणाला, “कशाला जातोस? दहा देतो. गल्ल्यावरही बसवतो.” सहा वर्षांत न झालेली गोष्ट एका मिनिटात झाली. पोराने विचारले, “शेठ, लिहून द्याल का?” शेठने वही मिटली.

नेमणूकपत्राचा फोटो त्याने आम्हाला पाठवला आहे. पगार बरोबर आहे, पाळी नऊ तासांची आहे, जादा कामाचा दर दुप्पट लिहिला आहे. साप्ताहिक सुटीपुढची जागा मात्र कोरी आहे. ती भरून घेतल्याशिवाय सही करू नकोस, आणि सही केलेल्या पत्राची एक प्रत आईजवळ ठेव, असे आम्ही त्याला कळवले. त्याचे उत्तर आले, “बरं काका. पौर्णिमेला पाळी बदलून मिळते का, तेपण विचारतो.” सोमवारी सकाळी अकराला त्याला हजर व्हायचे आहे. रविवारच्या एसटीने निघेल.