लाळग्रंथीची सूक्ष्मरचना

लाळग्रंथीची सूक्ष्मरचना म्हणजे लाळ तयार करणाऱ्या व ती तोंडापर्यंत वाहून नेणाऱ्या पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी मांडणी. माणसात कानापुढील, जबड्याखालील आणि जिभेखालील अशा प्रमुख लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. त्यांशिवाय ओठ, गाल व टाळूच्या अस्तरात शेकडो लहान ग्रंथी असतात.

रचना

प्रमुख ग्रंथी संयोजी ऊतींच्या पडद्यांनी खंडिकांमध्ये विभागलेली असते. खंडिकेत द्राक्षांच्या घडासारखे स्रावपुंज असतात. त्यांतील पेशी दोन प्रकारच्या असतात. सिरस पेशींचे केंद्रक गोल असून त्या अमायलेज विकर असलेला पातळ स्राव देतात. श्लेष्मल पेशी फिकट दिसतात, त्यांचे केंद्रक तळाशी चपटे झालेले असते व स्राव चिकट असतो. कानापुढील ग्रंथी जवळजवळ पूर्णपणे सिरस, जबड्याखालील मिश्र परंतु सिरसप्रधान, तर जिभेखालील श्लेष्मलप्रधान असते. स्रावपुंजाभोवतीच्या आकुंचनशील पेशी स्राव पुढे ढकलतात.

नलिका

स्राव प्रथम अरुंद जोडनलिकांत व नंतर रेषांकित नलिकांत येतो. रेषांकित नलिकांच्या पेशींच्या तळाशी पटलाच्या घड्या व तंतुकणिकांच्या रांगा असतात. या रांगांमुळे रेषा दिसतात. येथे सोडियम व क्लोराइड शोषले जातात, पोटॅशियम व बायकार्बोनेट मिसळले जातात. पाणी मात्र फारसे शोषले जात नाही. त्यामुळे लाळ रक्तद्रवापेक्षा कमी खारट होते.

वैद्यकीय महत्त्व

महाराष्ट्रात तंबाखू व गुटख्याच्या सेवनाशी निगडित मुखकर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. अशा रुग्णांच्या किरणोपचारात लाळग्रंथीही किरणांच्या मार्गात येऊ शकतात. क्वचित विभाजित होणाऱ्या पेशी सहसा किरणांना दाद देत नाहीत. सिरस पेशी याला अपवाद आहेत. त्या नष्ट झाल्यास लाळ कमी व चिकट होते, गिळणे अवघड होते आणि दात लवकर किडतात. त्यामुळे शक्य तेथे कानापुढील ग्रंथीला वाचवून किरण दिले जातात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ६० रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत, किरणांची तीव्रता जागोजागी बदलणाऱ्या पद्धतीने लाळग्रंथींची हानी कमी झाल्याचे आढळले.