कुत्र्याला डोंगरावर नेताना

शनिवार-रविवारी सह्याद्रीकडे निघालेल्या गाड्यांच्या मागच्या सीटवर हल्ली घरचा कुत्राही दिसतो. चालणे त्याच्या आरोग्याला चांगले आणि मालकाच्याही. पण जागा निवडताना बहुतेक जण ‘तिथे कुत्र्याला आत सोडतात का?’ एवढेच विचारतात. ‘ही वाट त्याला झेपेल का?’ हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. दमलेला माणूस थांबतो, कुरकुर करतो. कुत्रा मात्र मालक चालतो आहे तोवर त्याच्यामागे चालत राहतो, कधी कधी अगदी कोसळेपर्यंत.

आधी नियमांचे पाहू. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांत पाळीव कुत्रे नेण्यास सहसा मनाई असते. किल्ल्यांच्या बाबतीत अनेकांची इथेच फसगत होते. हरिश्चंद्रगड आणि रतनगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, वासोटा कोयना अभयारण्यात आणि कर्नाळा किल्ला पक्षी अभयारण्यात. त्यामुळे निघण्यापूर्वी वन विभागाच्या स्थानिक कार्यालयात चौकशी करावी. शहरातील उद्यानांचे नियमही वेगवेगळे असतात. ते प्रवेशद्वारावरच विचारून घ्यावेत.

ही मनाई उगाच नाही. डिस्टेंपर हा मूळचा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार. पण तो वन्यप्राण्यांनाही होतो. 2018 मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत 20 पेक्षा जास्त सिंह दगावले, त्यांतील काहींमध्ये याच आजाराचा विषाणू सापडला होता. धोका उलट बाजूनेही असतो. कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात कुत्र्यांचाच वाटा सर्वांत मोठा आढळला. म्हणून बिबट्याचा वावर असलेल्या भागात पहाटेच्या अंधारात किंवा तिन्हीसांजेला कुत्र्याला नेऊ नये आणि कुठेही गेले तरी दोरी सोडू नये. दोरीमुळे आणखी एक संकट टळते. झुडपात नाक खुपसणाऱ्या कुत्र्याला घोणस किंवा फुरसे बहुधा तोंडावरच चावते.

कुत्र्याचा सर्वांत मोठा शत्रू मात्र ऊन आहे. माणसाला सर्वांगाला घाम येतो आणि शरीर थंड होते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळव्यांना. त्याची सारी भिस्त धापा टाकण्यावर. हवा गरम आणि दमट असली की धापांचा उपयोग कमी होतो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना चढण टाळलेलीच बरी. वयस्कर, लठ्ठ आणि दाट केसांच्या कुत्र्यांनाही जपावे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असते. ते 41 अंशांच्या वर गेले तर मेंदू, मूत्रपिंडे आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडू लागते.

खूप धापा, दाट चिकट लाळ, लालभडक हिरड्या, उलटी, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे. अशा वेळी आधी त्याला जागेवरच थंड करावे, मग पशुवैद्याकडे न्यावे. सावलीत घेऊन अंगावर, विशेषतः पोटावर आणि जांघांत पाणी ओतावे, वारा घालावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, त्यात उष्णता कोंडते. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी घालू नये.

म्हणूनच उजाडल्यावर लगेच निघून 9 वाजेपर्यंत परतता येईल, अशी छोटी आणि सावलीची वाट निवडावी. मार्चनंतर उघडा कातळ लवकर तापतो. हाताची पालथी बाजू त्यावर पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याचे तळवेही तिथे भाजतील. पाणी घरूनच न्यावे. 20 किलोच्या कुत्र्याला एरवीच दिवसाला लिटरभर पाणी लागते, चढताना त्याहून जास्त.

डबक्यातले पाणी त्याला पिऊ देऊ नये. उंदीर आणि गुरे यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशा पाण्यात येतात. ते कुत्र्याला बाधतात आणि त्याच्या लघवीतून घरातल्या माणसांपर्यंत पोहोचू शकतात. पावसाळी सहलीनंतर ताप, पोटऱ्यांत वेदना, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर आपण पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गडावरच्या टाक्यांत कुत्र्याला उतरवू नये; ते इतरांचे पिण्याचे पाणी असते. घरी आल्यावर कान, बगला आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासावेत. ते हाताने चिरडू नयेत, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावेत.

रेबीज, डिस्टेंपर आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसी वेळेवर झाल्या नसतील, तर सहल पुढे ढकलावी. वाटेत भटक्या कुत्र्यांशी झटापट झाली, तर लस झालेली असली तरी पशुवैद्याला दाखवावे. ती सोडवताना माणसाला चावा किंवा ओरखडा बसला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते, त्यापूर्वी मात्र तो पूर्णपणे टाळता येतो.

घराजवळची टेकडी, रुंद पायवाट, झाडांची सावली आणि तास-दीड तासाची फेरी एवढे कुत्र्याला भरपूर झाले. शिखर गाठण्याची हौस माणसाची असते. कुत्रा सावलीत बसकण मारून उठेनासा झाला, तर तिथूनच मागे फिरावे.