बटण मुके का राहते?

आमच्या ओळखीच्या एका गुरुजींनी शाळेसाठी एक वेबपान तयार केले. मुलगे किती, मुली किती हे दोन चौकटींत भरायचे, बटण दाबायचे, की खाली एकूण हजेरी उमटायची. त्या आकड्यावरून खिचडीचा तांदूळ काढायचा, असा बेत. पण बटण दाबले तर काहीच होईना. गुरुजी खट्टू झाले. हे आपले काम नव्हे, म्हणू लागले. खरे पाहता त्यांच्या चुका तीनच होत्या, आणि नवशिक्या माणसाच्या हातून त्या हमखास होतात.

पहिली चूक जागेची. ब्राउझर पान वरून खाली वाचत येतो. गुरुजींनी जावास्क्रिप्टचा मजकूर अगदी वर, हेडमध्ये घातलेला. तिथे 'गेटएलिमेंटबायआयडी' म्हणून बटणाला हाक मारली. पण बटण अजून पानावर आलेच नव्हते! मुले शाळेत यायच्या आधीच हजेरी घ्यावी, तसे झाले. उत्तर आले 'नल', म्हणजे कोणी नाही. आणि काम तिथेच अडले. हा मजकूर बॉडीच्या अगदी शेवटी ठेवावा. तो वेगळ्या फाइलमध्ये असेल तर तिला जोडणाऱ्या स्क्रिप्ट टॅगमध्ये 'डिफर' लिहावे, म्हणजे पान वाचून होईपर्यंत तो थांबतो. आयडीचे स्पेलिंग चुकले तरीही 'नल'च येते बरे का. रोमन लिपीतले लहान आणि मोठे अक्षर इथे निरनिराळे मानतात. संगणकावर बहुतेक ब्राउझरांत एफ१२ दाबून कन्सोल उघडावा. तांबड्या अक्षरांत चूक कोणत्या ओळीत आहे ते लिहिलेले असते. लोक ते वाचतच नाहीत, याचे मला नवल वाटते.

मजकूर खाली नेला, तरी बटण मुकेच. कारण बटणाला काम सांगताना फंक्शनच्या नावापुढे कंस घातले होते. कंस घातले, की काम तत्क्षणी उरकते. तेही चौकटी रिकाम्या असताना. बटणाच्या हाती काहीच राहत नाही. तिथे नुसते नाव द्यावे.

एवढे झाल्यावर बटण बोलले खरे, पण काय बोलले? २१ मुलगे आणि १९ मुली मिळून हजेरी २११९! स्वयंपाक करणाऱ्या बाईंना हसू आवरेना. चौकटीतून येते ते अंक दिसले तरी अक्षरच असते, आणि अधिकचे चिन्ह अक्षरांची बेरीज करीत नाही, ती एकापुढे एक जोडते. म्हणून दोन्ही आकडे आधी 'नंबर'मधून काढावेत. मग ४० येतात.

मात्र एक खोड ध्यानात असू द्या. चौकट रिकामी राहिली, तर 'नंबर' तक्रार न करता शून्य धरतो. मुलींचा आकडा भरायचा राहून गेला, तर हजेरी २१ दिसेल, तांदूळ तेवढाच शिजेल, आणि १९ मुली ताट घेऊन उभ्या राहतील. यासाठी बेरजेआधीच चौकट तपासावी, आणि ती रिकामी असल्यास उत्तराच्या जागी 'मुलींची संख्या भरा' असे दाखवावे.