पुण्याचे लघुपट, जगाची स्पर्धा

ऑस्करच्या नियमांनुसार श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट म्हणजे लघुपट. जगातल्या चित्रपटशाळांचे लघुपट एकत्र पाहायला मिळतात ते कान महोत्सवाच्या ‘ला सिनेफ’ या स्पर्धाविभागात. १९९८ मध्ये तो ‘सिनेफाँदासियाँ’ या नावाने सुरू झाला. पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० पासून असलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटने तिथे दोनदा पहिले पारितोषिक मिळवले आहे: २०२० मध्ये अश्मिता गुहा नियोगी यांच्या ‘कॅटडॉग’ने आणि २०२४ मध्ये चिदानंद नाईक यांच्या ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ने. त्या वर्षी २,२६३ प्रवेशिकांतून केवळ १८ लघुपट निवडले गेले होते. नाईक यांच्या लघुपटात एक म्हातारी कोंबडा चोरते आणि गाव अंधारात बुडते. कन्नड लोककथेतली ही गोष्ट जेमतेम पाव तासात सांगितली आहे, आणि लघुपटाची खरी ताकद अशा काटकसरीतच असते. मराठीतही हे घडले आहे. उमेश कुलकर्णी यांचा ‘गिरणी’ हा याच संस्थेतला पदविका लघुपट. घरात पिठाची गिरणी आल्यावर एका मुलाचे जग कसे ढवळून निघते, हे सांगणाऱ्या या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले.