उचल पावसाळ्यातली, फेड मुलांची

रायगड जिल्ह्यातल्या चौक गावाच्या आसपासच्या अनेक कातकरी वाड्या दिवाळीनंतर ओस पडतात. पावसाळ्यात चूल पेटावी म्हणून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, वीटभट्टीवर राबून फेडायची असते. हाताशी आलेली मुलगी तिथे ओल्या विटा उलथते, धाकट्याला कडेवर घेते. शाळा सुटते, अंगणवाडीचा आहारही तुटतो. तीच मुलगी कोवळ्या वयात अशक्त आई झाली, की बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. याला आईबापांचा निष्काळजीपणा म्हणणारे बरेच आहेत. पण खैराचा कात काढणाऱ्या या जमातीचं जंगल गेलं, बहुतेकांच्या नावावर जमीन आली नाही. अशा घराला उचल नाकारायची मोकळीक कुठली? कर्जापोटी राबवून घेणारी वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली, तरी उचलीची गरज कायद्याने मिटत नाही. आदिवासींसाठीची सरकारी खावटी योजना नेमकी हीच पावसाळी उपासमार टाळण्यासाठी होती. आषाढात धान्य दारात पोचणं, हेच इथलं पहिलं बालसंरक्षण.