जुनी मडकी : फडताळात आणि चुलीवर

ज्या घराला माळा आहे, तिथे एखादे तरी जुने मातीचे भांडे निघतेच. पाण्याचा रांजण, ताकाचा डेरा, विरजणाचे गाडगे, मांडे भाजायचे खापर, डाळी-दाणे साठवणारी उतरंड. ही भांडी जमवण्याचा छंद निवृत्तीनंतरच्या छंदांत मला विशेष आवडतो. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय एका माणसाच्या अशाच वेडातून उभे राहिले. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय तर आपल्या मराठवाड्यातलेच. (गावाबाहेरच्या पांढरीतली खापरे मात्र उचलू नयेत. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो.)

विस्मरणाचा आजार जडलेल्या ज्येष्ठांची शुश्रूषा आपण करीत असाल, तर असे एखादे भांडे त्यांच्या हाती द्यावे. परीक्षा घेऊ नये, नुसते जवळ बसावे. सकाळी काय जेवलो हे न आठवणाऱ्या आजीही विरजण कसे लावत, हे सविस्तर सांगू लागतात.

अडचण येते ती हे भांडे फडताळातून चुलीवर गेल्यावर.

झिलई नसलेले साधे लाल मडके आणि चकचकीत झिलईचे भांडे यांत आपण प्रथम फरक करावा. कमी आचेवर भाजलेल्या भांड्यांना चकाकी आणण्यासाठी पूर्वी अनेक देशांत शिशाची संयुगे वापरीत. चिंच, टोमॅटो, ताक, लोणचे अशा आंबट पदार्थांत हे शिसे उतरते. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही, घासून जात नाही. शरीरात गेलेले शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते आणि उतारवयात हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात येते. म्हणून ज्येष्ठांच्या ताटात ते नकोच. नातवंडांच्या मेंदूला तर त्याहून अधिक अपाय होतो. उगम ठाऊक नसलेले, रंगीत वा तडकलेल्या झिलईचे जुने भांडे शोभेलाच ठेवावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

परदेशस्थ मुले हल्ली जपानी ‘दोनाबे’ही आणतात. इगा प्रांतातील प्राचीन सरोवराच्या तळाच्या मातीची ही झाकणाची हंडी प्रसिद्ध आहे. नवी हंडी वापरण्यापूर्वी तिच्यात भाताची पेज शिजवतात. पेजेतील पिष्ट मातीची सूक्ष्म छिद्रे बुजवते. आपल्याकडेही नवे मडके भिजवून त्यात पेज उकळण्याची रीत आहेच. मात्र जुन्या बाजारातून घेतलेल्या दोनाबेलाही वरचाच नियम लावावा.

साधे मडके रोजच्या वापरासाठी कुंभाराकडून नवेच घ्यावे. जुन्याच्या छिद्रांत मुरलेले तेल खवट होते, बुरशी धरते. माती उष्णता धरून ठेवते, त्यामुळे चुलीवरून उतरवल्यावरही बराच वेळ चटका बसतो. थरथरणाऱ्या हातांनी भरले मडके उचलूच नये. आणि मातीच्या भांड्याने मधुमेह बरा होतो, ही समजूत निराधार आहे. चव चांगली लागते, एवढे पुरे.

झिलईच्या जुन्या भांड्यात बराच काळ स्वयंपाक झाला असेल आणि घरात कुणाला वारंवार पोटदुखी, बद्धकोष्ठ, पंडुरोग किंवा हातापायांत अशक्तपणा जाणवत असेल, तर आपल्या डॉक्टरांना त्या भांड्याविषयी आवर्जून सांगावे. या तक्रारींची इतर कारणे पुष्कळ असतात, त्यामुळे विचारल्याशिवाय भांड्याचा विषय निघत नाही. रक्तातील शिशाचे प्रमाण तपासता येते. तपासणीला जाताना ते भांडे कधीपासून वापरात आहे आणि त्यात काय शिजत होते, हे कागदावर लिहून न्यावे.